टाचांच्या भेगांवर घरचे मलम : रातांब्याच्या बियांचा एक उपयोग

शेतकऱ्याचे हात आणि पाय ही त्याची पहिली अवजारे होत. नांगराचा फाळ बोथट झाला तर तो लोहाराकडे नेला जातो. विळ्याला वेळच्या वेळी धार लावली जाते. बैलाच्या खांद्याला आवाळू आले तर घरातील सर्व माणसे त्याची काळजी घेतात. परंतु स्वतःच्या टाचेला बोटभर खोल भेग पडली तरी तिच्याकडे लक्ष देण्याची आपली पद्धत नाही. 'शेतात राबणाऱ्याच्या टाचा अशाच असावयाच्या' असे म्हणून तो विषय सोडून दिला जातो. घरातील स्त्रिया तर हे दुखणे बोलूनही दाखवीत नाहीत.

या उपेक्षेची किंमत काय पडते हे मला भाताच्या लावणीच्या एका हंगामात पाहावयास मिळाले. दक्षिण कोकणातील एका गावी सुधारित लावणीचे प्रात्यक्षिक ठरले होते. दोरी धरून, ठराविक अंतरावर रोपे लावणाऱ्या स्त्रियांत हाताने सर्वांत चपळ अशी एक वयस्क बाई होती. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. चौकशी करता कळले की, उन्हाळ्यात पडलेल्या टाचेच्या भेगा बुजल्या नव्हत्या. त्यांत चिखल शिरून पाय सुजला होता व अंगात ताप भरला होता. पुढे बारा दिवस तिला चिखलात उतरता आले नाही. लावणीचे दिवस ते मोजके. त्यांतील बारा दिवसांची मजुरी गेली व तिचे स्वतःचे दोन वाफे रोप जून झाल्यावर लावले गेले. तिच्याच परसात रातांब्याची दोन झाडे होती. त्यांच्या बिया आमसुले करून झाल्यावर उकिरड्यावर टाकलेल्या मी पाहिल्या. त्या बियांतच तिच्या टाचांचा उपाय होता आणि तिच्या सासूला तो ठाऊकही होता. मध्यंतरीच्या काळात मात्र तो मागे पडला.

हा उपाय काय आहे, तो घरच्या घरी कसा तयार करावा, आणि त्याची मर्यादा कोठे संपते, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचे योजिले आहे.

भेगा का पडतात?

तळपायाची कातडी शरीराच्या इतर भागांवरील कातडीपेक्षा पुष्कळ जाड असते. तिच्यात घामाच्या ग्रंथी असतात. परंतु अंगावरील इतर कातडीला मऊ ठेवणारा तेलकट स्राव ज्या ग्रंथींतून येतो त्या तळपायाला व तळहाताला मुळीच नसतात. त्यामुळे हे भाग लवकर कोरडे पडतात. अनवाणी चालणे, ढेकळांवर उभे राहणे, चिखलात भिजणे व पुन्हा उन्हात वाळणे या सर्वांनी वरचा थर अधिकच जाड व टणक होतो. टणक थराला ताण सोसत नाही. अंगाचा भार टाचेवर पडला की टाच बाजूंना पसरते आणि वाळलेल्या तळ्याच्या मातीप्रमाणे ती कातडी तडकते. हिवाळ्यात हवा कोरडी असते म्हणून भेगा वाढतात. उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीमुळे त्या खोल जातात. पावसाळ्याच्या आरंभी त्यांत चिखल शिरतो.

यावरून उपायाची दिशा स्पष्ट होते. कातडीत पाणी मुरवावयाचे, मेलेला थर थोडा थोडा कमी करावयाचा आणि मुरलेले पाणी उडून जाऊ नये म्हणून वरून स्निग्ध पदार्थाचे आवरण घालावयाचे. तेल किंवा मलम स्वतः कातडीला पाणी देत नाही; ते असलेले पाणी राखते. शेतात आच्छादन घातल्याने जमिनीला ओल मिळत नाही, असलेली ओल टिकते, तसेच हे आहे. कोरड्याठाक टाचेवर तेल चोळून फारसा गुण का येत नाही याचे कारणही हेच होय.

रातांब्याची बी

रातांबा, ज्यास मालवणी मुलखात व गोव्यात भिरंड म्हणतात, हे कोकणच्या परसातील ओळखीचे झाड आहे. फळे साधारणतः एप्रिलपासून पिकू लागतात व पावसाच्या तोंडापर्यंत मिळतात. सालीची आमसुले व रसाचे आगळ होते. बिया मात्र बहुतेक घरी वाया जातात. एका फळात साधारणपणे पाच ते आठ बिया असतात. त्यांचे कवच काढले असता बियांच्या वजनाच्या सुमारे ६० टक्के गर मिळतो आणि त्या गरात सुमारे ४० टक्के स्निग्धांश असतो. म्हणजे वाळलेल्या सबंध बियांच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा तेल आहे. घाणीवर किंवा कारखान्यात ते बहुतेक सर्व निघते. घरगुती पद्धतीत त्यातील बराच अंश चोथ्यात राहतो, हे आरंभीच ध्यानात ठेवावे म्हणजे निराशा होणार नाही.

या तेलाचा विशेष असा की, ते नेहमीच्या हवेत घट्ट राहते. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून कोकणच्या उन्हाळ्यात ते पातळच असते व लावल्यावर ओघळून जाते. रातांब्याचे तेल मात्र सुमारे ३८ ते ४२ अंशांवर वितळते. टाचेवर चोळले की ते मऊ होते, पण ओघळत नाही. भेगेत बसून राहते. त्याला रंग व वास फारसा नसतो आणि ते इतर पुष्कळ तेलांच्या मानाने सावकाश खवट होते. जुनी माणसे गर कुटून, गरम पाण्याने मळून त्याचे मुठीत मावतील एवढे गोळे बांधीत. म्हणून त्यास मुठेल असे नाव आहे. गोव्याकडे त्यास भिरंडेल म्हणतात. प्रसाधनांच्या व्यापारात याच तेलाला मोठी मागणी असून, शहरातील दुकानांत ते लहान लहान डब्यांतून पुष्कळ भावाने विकले जाते.

तेल काढण्याची कृती

बिया गोळा करण्याचे काम आमसुलांबरोबरच उरकावे. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी बिया वाळून घरात आल्या पाहिजेत. पावसात सापडलेल्या बियांना बुरशी येते व त्यांचे तेल काळपट आणि कुबट निघते.

१. बियांवरील आंबट बलक काढण्यासाठी त्या चुलीतील चाळलेल्या राखेत घोळून चोळाव्यात व दोन-तीन पाण्यांनी धुवाव्यात. बलक राहिल्यास माश्या येतात व बी आंबते.

२. धुतलेल्या बिया चटईवर किंवा सारवलेल्या अंगणात पातळ पसरून पाच-सहा दिवस कडक उन्हात वाळवाव्यात. मूठभर बिया हलविल्या असता आत गर खुळखुळला म्हणजे त्या वाळल्या असे समजावे.

३. बिया लाकडी ठोकळ्याने हलक्या हाताने फोडून सुपात पाखडाव्यात. कवच जळणास उपयोगी पडते. गरातील काळे पडलेले व कीड लागलेले दाणे वेचून टाकावेत. एका कुजक्या दाण्याने सर्व तेलास वास लागतो.

४. गर उखळात कुटून किंवा पाट्यावर वाटून बारीक करावा. शक्य तेवढा बारीक केल्यास तेल अधिक सुटते.

५. एक किलो गराच्या भुकटीस चार लिटर पाणी या प्रमाणाने मोठ्या पातेल्यात मंद आचेवर तास ते दीड तास उकळावे. पातेले निम्म्याहून थोडेच अधिक भरावे, कारण मिश्रणास फेस येऊन ते उतू जाण्याचा संभव असतो. अधूनमधून ढवळावे म्हणजे चोथा तळाशी लागणार नाही. तेल हळूहळू वर येऊन तरंगू लागते.

६. पातेले उतरवून झाकून ठेवावे व रात्रभर हलवू नये. सकाळी पाण्यावर पांढरट-पिवळसर थर घट्ट झालेला दिसेल. तो अलगद उचलून घ्यावा.

७. या थरात पाण्याचा अंश व थोडा चोथा असतो. म्हणून तो दुसऱ्या कोरड्या भांड्यात मंद आचेवर वितळवावा व तडतड पूर्ण थांबेपर्यंत तापवावा. तडतड थांबली म्हणजे पाणी उडाले असे समजावे. नंतर स्वच्छ कोरड्या फडक्यातून गाळून कोरड्या काचेच्या बरणीत किंवा घासून वाळवलेल्या करवंटीत ओतावे.

राहिलेला चोथा फेकू नये. तो शेणखताच्या खड्ड्यात टाकावा. सातवी पायरी कोणीही गाळू नये. सर्व कृतीचे यश तेलातील पाणी काढून टाकण्यावर अवलंबून आहे.

मलमाची कृती

नुसते मुठेल टाचांस पुरेसे आहे. परंतु थंडीच्या दिवसांत ते फार कडक होते, त्याचा खडा टोचतो व ते पसरत नाही. ही अडचण खोबरेल व मधमाश्यांचे मेण मिसळल्याने दूर होते. खोबरेलाने मिश्रण मऊ होते आणि मेणाने त्यास चिकटपणा येऊन आवरण अधिक वेळ टिकते. पुढील प्रमाण अनुभवास उतरले आहे :

रातांब्याचे तेल ४० ग्रॅम, खोबरेल ४५ ग्रॅम, मेण १५ ग्रॅम.

एवढ्या मलमात एका माणसाचे टाचांचे काम साधारणपणे दीड-दोन महिने भागते. हातांसाठी अधिक मऊ मलम हवे असल्यास मेण १० ग्रॅम व खोबरेल ५० ग्रॅम घ्यावे.

मेण शुद्ध असावे. मेणबत्तीचे मेण हे खनिज तेलापासून केलेले असते. ते येथे घेऊ नये. ज्यांच्याकडे सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आहेत त्यांनी मध काढून झालेली जुनी पोळी फडक्याच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात उकळावीत. मेण वितळून पाण्यावर येते व थंड झाल्यावर त्याची वडी मिळते. पेट्या नसल्यास मधपालन करणाऱ्यांकडून किंवा खादी ग्रामोद्योगाच्या विक्री केंद्राकडे चौकशी करून मेण मिळवावे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. अशा गावी मेण हे मधाबरोबरचे दुसरे उत्पन्न ठरू शकते. केवळ मेणासाठी आग्या माश्यांचे पोळे जाळणे हे मात्र पाप तर आहेच, शिवाय शेतकऱ्याच्या परागीभवनाचा तो तोटा आहे.

मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. ते कधीही थेट आचेवर ठेवू नये. एका पातेल्यात चार बोटे पाणी उकळत ठेवावे व त्यात दुसरे लहान कोरडे भांडे ठेवून त्यात प्रथम मेण वितळवावे. मेण वितळल्यावर खोबरेल व रातांब्याचे तेल घालून कोरड्या चमच्याने ढवळावे. सर्व एकजीव झाल्यावर भांडे बाहेर काढून बाहेरून पुसून घ्यावे, म्हणजे पाण्याचा थेंब आत जाणार नाही. मिश्रण लगेच लहान बरण्यांत ओतावे व बरण्या थंड पाण्याच्या परातीत ठेवाव्यात. रातांब्याचे तेल सावकाश थंड झाल्यास त्यात रव्यासारखे कण धरतात. त्याने गुण कमी होत नाही. परंतु मलम खरखरीत लागते. असे झाल्यास पुन्हा वितळवून लवकर थंड करावे.

बरण्या अगोदर उकळत्या पाण्यातून काढून उन्हात पूर्ण वाळवलेल्या असाव्यात. बरणीवर तयार केल्याची तारीख लिहावी. मलम अंधाऱ्या व थंड जागी ठेवावे आणि सहा महिन्यांत संपवावे. खवट वास आल्यास ते कातडीस लावू नये. मलम काढताना ओले बोट आत घालू नये. काम चालू असता लहान मुलांस चुलीपासून दूर ठेवावे. तापलेल्या तेलाने चुकून पेट घेतल्यास त्यावर पाणी टाकू नये. झाकण घालून ज्वाला कोंडावी व आच बंद करावी.

लावण्याची रीत

रात्री सर्व कामे आटोपल्यावर पाय साबणाने धुऊन कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवावेत. नंतर वजरीने किंवा गुळगुळीत झालेल्या विटेच्या तुकड्याने टाचेचा मेलेला थर हलक्या हाताने घासावा. एकाच दिवशी सर्व थर काढण्याचा हट्ट धरू नये. ब्लेडने किंवा विळ्याने कातडी तासण्याची सवय काही ठिकाणी आहे. ती अत्यंत घातक असून त्यामुळे जखम होते व पुढची कातडी अधिकच जाड येते. पाय टिपून घ्यावेत, पण पूर्ण कोरडे होण्यापूर्वीच, कातडी ओलसर असताना, मलम चोळावे. वरून जुन्या धोतराची किंवा लुगड्याची स्वच्छ पट्टी गुंडाळावी अथवा सुती मोजे घालावेत.

हा क्रम रोज केल्यास साध्या भेगा दोन-तीन आठवड्यांत भरून येतात. त्यानंतर आठवड्यातून दोन वेळा मलम लावीत राहावे. उपाय थांबविल्यास व पायांत काही न घालता चालण्याचे चालूच ठेवल्यास भेगा परत पडतील, हे उघड आहे. म्हणून टाच झाकणारी पादत्राणे वापरणे हा उपायाचा अर्धा भाग समजावा. लावणीपूर्वी निदान एक महिना, म्हणजे मे महिन्याच्या आरंभापासून, उपाय सुरू केल्यास चिखलात उतरण्याच्या वेळी टाच बंद झालेली असेल.

आपल्याकडे काशाच्या वाटीने तळपाय चोळण्याची जी चाल आहे तीही चांगली आहे. वाटीने पाय चोळले म्हणजे स्निग्ध पदार्थ नीट मुरतो, शिवाय दिवसभर थकलेल्या पायांस विश्रांती मिळते. वाटीला जो काळपटपणा येतो तो अंगातील उष्णता बाहेर आल्याचे चिन्ह मानला जातो. वस्तुतः धातू, घाम व तेल यांच्या संयोगाने तो येतो. चोळण्याचा गुण मात्र त्यामुळे कमी होत नाही.

माझ्या हातून झालेली एक चूक

पहिल्या वर्षी मी केलेल्या प्रात्यक्षिकात मलमास अधिक गुण यावा म्हणून कोरफडीचा ताजा गर व घरच्या हळदीचा ओला रस मिसळला. मलम दिसावयास सुरेख झाले. वीस स्त्रियांनी ते घरी नेले. दहाव्या दिवशी तिघींनी बरण्या परत आणल्या. त्यांत हिरवी बुरशी धरली होती. कारण साधे होते. तेल व मेण यांत पाणी नसते म्हणून त्यांत बुरशी व जंतू वाढत नाहीत. पाण्याचा अंश आत जाताच त्यांस घर मिळते. बाजारातील मलमांत पाणी असते, पण त्यांत ते टिकविणारी द्रव्येही मोजून घातलेली असतात. ती घरी मोजणे शक्य नाही. त्या दिवशी मला सर्वांकडे जाऊन बरण्या परत घ्याव्या लागल्या. तेव्हापासून एक नियम मी प्रत्येक सभेत प्रथम सांगतो : साठवणीच्या वस्तूत पाणी नको, आणि पाण्याची वस्तू साठवणीस नको.

कोरफड वापरावयाची तर ताजी वापरावी. पान कापून ते उभे धरावे व त्यातून निघणारा पिवळा कडू चीक गळून जाऊ द्यावा. या चिकाने काहींच्या कातडीस आग होते. नंतर आतील स्वच्छ गर काढून उन्हाने रापलेल्या कातडीवर लावावा व उरलेला त्याच दिवशी टाकून द्यावा.

जेथे रातांबा होत नाही तेथे

देशावरील, मराठवाड्यातील व विदर्भातील शेतकऱ्यांनी रातांब्यावाचून अडून बसण्याचे कारण नाही. घाणीचे तिळाचे किंवा करडईचे तेल ८० ग्रॅम व मेण २० ग्रॅम घेऊन वरील पद्धतीनेच मलम करावे. ते थोडे अधिक मऊ होते, पण काम तेच करते.

अंग स्वच्छ करण्यासाठी उटण्याचा उपयोग दिवाळीपुरताच ठेवण्याचे कारण नाही. हिवाळ्यात साबणाने कोरड्या पडणाऱ्या कातडीस ते मानवते. मसुरीचे किंवा हरभऱ्याचे पीठ चार भाग, मुलतानी माती एक भाग, वाळ्याची मुळे, कपूरकाचरी व नागरमोथा यांची वस्त्रगाळ भुकटी मिळून एक भाग आणि चिमूटभर हळद, असे साधे प्रमाण पुरते. ज्या लव्हाळ्याने शेतकरी हैराण होतो त्याच्याच गाठींना बाजारात नागरमोथा म्हणून मागणी असते. ही भुकटी कोरडी व हवाबंद ठेवावी. न्हाताना लागेल तेवढीच दुधात किंवा पाण्यात कालवावी. कालवलेले उटणे दुसऱ्या दिवसास ठेवू नये. अगोदर अंगास तेल लावावे, मग उटणे. जोराने घासू नये.

हळद घरची असल्यास उत्तम. बाजारातील सुट्या हळदपुडीत रंग खुलविण्यासाठी शिशाचे विषारी पिवळे रंगद्रव्य मिसळण्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. हळकुंडे घेऊन घरी दळावीत.

काय करू नये

नैसर्गिक वस्तू म्हणजे निरुपद्रवी वस्तू, ही समजूत शेतकऱ्याने तरी बाळगू नये. धोतरा व कण्हेर हीही निसर्गाचीच झाडे आहेत.

भेगांत तापवलेला बिब्बा भरण्याची रीत अनेक गावांत आढळते. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात व काहींच्या सर्व अंगावर पुरळ उठते. ही रीत पूर्णपणे सोडून द्यावी. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्या जागी पोळल्यासारखे डाग पडतात व ते पुष्कळ दिवस राहतात. भेगेत कुंकू, तंबाखू, रॉकेल किंवा शेण भरणे हे जंतूंस आमंत्रण आहे. शेणातून धनुर्वाताचे जंतू जखमेत जाण्याचा धोका असतो.

गाजरगवताने अनेकांच्या हातांस, मानेस व चेहऱ्यास खाज सुटून कातडी जाड व काळी होते. हे परदेशी तण १९५५ साली पुण्यात आढळल्याची नोंद आहे आणि आज ते बांधाबांधावर आहे. या विकारावर घरचे मलम हा उपाय नव्हे. हातमोजे घालून, फुलोऱ्यापूर्वी ते उपटणे व त्रास असणाऱ्याने त्यापासून दूर राहणे हाच मार्ग होय.

सर्वांत महत्त्वाची सूचना फवारणीविषयी आहे. अंगास तेल किंवा मलम चोळल्याने कीटकनाशक आत शिरत नाही, असा समज काही ठिकाणी ऐकू येतो. तो सर्वस्वी चुकीचा व प्राणघातक आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या वेळी झालेल्या विषबाधेने अनेक शेतकरी व मजूर दगावले, हे कोणी विसरू नये. तेलकट कातडी विषापासून रक्षण करीत नाही. फवारणीस हातमोजे, मुखपट्टी, पूर्ण बाह्यांचे कपडे व बूट हेच रक्षण होय. पायास उघड्या भेगा असता फवारणीस जाऊच नये. फवारणीनंतर साबणाने स्नान करून, कपडे वेगळे धुऊन, मगच रात्री मलम लावावे.

कोणतीही नवी वस्तू प्रथम कोपराच्या आतील बाजूस रुपयाएवढ्या जागी लावून दोन दिवस पाहावे. खाज, लाली किंवा पुरळ आल्यास ती वस्तू आपणास मानवत नाही असे समजावे.

आरोग्य केंद्रात केव्हा जावे?

भेगेतून रक्त अथवा पू येत असल्यास, पाय सुजल्यास किंवा ताप आल्यास घरचा उपाय थांबवून तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. मधुमेही माणसाने टाच घासू नये, गरम पाण्यात पाय बुडवू नयेत व लहानशा भेगेसही डॉक्टरांना दाखवावे. त्याच्या पायास भाजल्याची किंवा कापल्याची जाणीव कमी असते व जखम लवकर चिघळते. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. तेथे मलम लावू नये, कारण त्याने ओल कोंडून विकार वाढतो. ती जागा धुऊन कोरडी ठेवावी व औषध घ्यावे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असून तेथे स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असण्याचा संभव असतो. त्याची तपासणी व औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात आणि वेळीच औषध घेतल्यास तो पूर्ण बरा होतो. असा चट्टा मलमाखाली झाकून ठेवणे म्हणजे हात-पाय गमावण्यास कारण होणे होय.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

या विषयाचे प्रात्यक्षिक मे महिन्यात, आमसुले करण्याच्या वेळी ठेवावे. पाच किलो बिया अगोदर वाळवून घ्याव्यात, म्हणजे एका दुपारी गर काढणे व उकळणे दाखविता येते. दुसऱ्या सकाळी थर उचलून मलम करावे. भाषण अर्ध्या तासापेक्षा अधिक नसावे. गावातील ज्या वृद्ध स्त्रियांना मुठेल करण्याची माहिती आहे त्यांनाच प्रथम बोलते करावे. त्यांच्या हाताला जे ठाऊक आहे ते आपल्या वह्यांत नाही, असा माझा अनुभव आहे. आरोग्य सेविकेस आवर्जून बोलवावे. भेगा दाखविण्यास आलेल्या पायांत औषधाची गरज असलेले पाय कोणते, हे तिच्या नजरेस लवकर येते.

बचत गटांनी विक्रीचा विचार करण्यापूर्वी कायदा समजून घ्यावा. घरी वापरण्यासाठी मलम करण्यास कोणाची परवानगी लागत नाही. परंतु विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधने तयार करावयाची झाल्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० व सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार परवाना आवश्यक असून, त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे चौकशी करावी. 'रोग बरा करते' असे लेबलावर लिहिले की ती वस्तू औषधात गणली जाते व नियम अधिक कडक होतात. ज्यांना ही तयारी झेपणार नाही त्यांनी वाळवलेल्या स्वच्छ बिया किंवा कच्चे तेल प्रक्रिया करणाऱ्यांस विकावे. आज जी वस्तू उकिरड्यावर जाते तिचे काही ना काही मोल येईल.

ज्यांच्या परसात रातांबा नाही त्यांनी पावसाळ्यात एक-दोन कलमे लावावीत. रातांब्यात नर व मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत निम्म्याच्या आसपास नर निघण्याचा संभव असतो व ते कळावयास काही वर्षे जातात. म्हणून दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेल्या 'कोकण अमृता'सारख्या जातीची मृदुकाष्ठ कलमेच घ्यावीत.

ज्या बाईचा उल्लेख आरंभी केला तिने पुढच्या उन्हाळ्यात सासूला जवळ बसवून बिया कुटल्या. त्या वर्षी लावणीच्या पहिल्या दिवशी ती दोरी धरून सर्वांच्या आधी वाफ्यात उतरलेली मी पाहिली. यात चमत्कार काही नाही. एक महिनाभर रोज रात्रीचा अर्धा तास तिने आपल्या पायांसाठी दिला, एवढेच. शेतकरी बंधू-भगिनींनी यंदा आमसुले घालताना बिया बाजूस ठेवाव्यात आणि पावसाची वाट पाहताना शेताच्या मशागतीबरोबर स्वतःच्या टाचांचीही मशागत करावी.